मूल झोपलं असल्यास उठवू नये

मी एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो. लोकांच्या डोक्यात डोकावून बघायचं, हेच काम मी आयुष्यभर केलं. मला सीटी स्कॅन म्हणतात. नाव भारदस्त आहे, रूपाचं मात्र काही विचारू नका! एक जाडजूड कडं, मधे मोठं भोक आणि त्या भोकात सरकत जाणारा अरुंद पलंग. मुलं मला बोगदा म्हणायची. एका चिमुरडीनं तर मला बघून "केवढं मोठं बेसिन!" असं म्हटलं होतं. सध्या मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, माझ्याच जुन्या खोलीत, प्लास्टिकचं कापड पांघरून उभा आहे. शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलंय, आणि मला सुटं करून न्यायला माणसं यायची आहेत. ती यायच्या आत मला तुम्हाला एका मुलीबद्दल सांगायचंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं पाण्यानं भरलेलं एक गोल भांडं डोकं म्हणून माझ्यात ठेवायचे. पाणी मला अगदी पाण्यासारखंच दिसलं पाहिजे, नाहीतर पुन्हा सगळे स्क्रू ढिले. असे किती दिवस गेले देव जाणे, पण नजर तयार झाली. मग मला या हॉस्पिटलात आणलं. दारातून मावेना, म्हणून खिडकी काढून भिंतही फोडली. इतका मान पुन्हा कधी मिळाला नाही. पहिल्या दिवशी माझ्याभोवती एवढी गर्दी झाली होती, की पेशंटला आत यायला जागा उरली नव्हती.

मला चालवायला एक तंत्रज्ञ होते. सगळी मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून पुढं मोठी माणसंही मामाच म्हणू लागली. मामा तोंडानं फटकळ. "हलू नकोस रे बाबा, हललास तर फोटोत तुला तीन नाकं येतील," असं म्हणून ते रडणाऱ्या मुलालाही हसवायचे. सकाळी आले की माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चला पैलवान, लागा कामाला." काचेपलीकडच्या खोलीत माझे फोटो वाचायला डॉक्टरीणबाई बसायच्या. त्या कमी बोलायच्या. फोटो बघताना त्या चष्मा कपाळावर ढकलायच्या, आणि त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला की मामा समजायचे, काहीतरी वाईट दिसलंय.

मित्रांनो, मला माणसं नीट दिसत नाहीत. मला दिसतात त्यांचे काप. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे डोक्याचे पातळ पातळ काप मी करतो, अर्थात न चिरता. माझ्या जगात लाल रंग नाही. हाड पांढरंशुभ्र, मेंदू करडा, आणि ताजं रक्तही पांढरंच. लहान मूल पडलं की घरचे टेंगूळ बघतात आणि घाबरतात. टेंगूळ किती मोठं आहे यावर मी फारसा जात नाही. मी बघतो, रक्त नेमकं कुठल्या थरात साठलंय. ते कवटीच्या बाहेर, नुसतं कातडीखाली असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. कवटीच्या आत गेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मेंदूवर एक आवरण असतं. रक्त त्या आवरणाच्या खाली पसरलं, तर ते मेंदूला बिलगून चंद्राच्या कोरीसारखं दिसतं. आवरणाच्या वर, हाडाला लागून साठलं, तर ते भिंगासारखं फुगतं. आणि कधी ते मेंदूतच ठिपक्यांनी उतरलेलं असतं. बाई हे सगळं मामांना समजावून सांगायच्या, तेव्हा मी पण कान देऊन ऐकायचो.

एक कोर मला विसरता येत नाही. काही महिन्यांचं बाळ होतं. बाप म्हणाला, "काल पलंगावरून पडलं." आई बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. बाळाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी काप काढले, आणि बाईंनी चष्मा खाली ओढला.

"ही कोर पांढरी आहे आणि ही बघ, करडी," त्या मामांना म्हणाल्या. "एक रक्त ताजं दिसतंय आणि एक बहुधा जुनं."

"म्हणजे बाई, बाळ दोनदा पडलं?"

"पडलं की कुणी गदागदा हलवलं, ते विचारायला हवं. मुलांच्या डॉक्टरांना बोलाव. आणि बापावर आवाज चढवू नकोस. फोटोत रक्त दिसतं, कुणाचा हात होता ते दिसत नाही."

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. त्या बाळाचं पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. यंत्राला कोण सांगतंय?

आता माझ्या खोलीच्या दारावरच्या पाटीबद्दल सांगतो. लहान मुलांचा फोटो काढणं महाकठीण. मूल हललं की काप पुसट येतात, म्हणून त्यांना झोपेचं औषध पाजावं लागायचं. मग बाहेरच्या बाकावर आया थोपटत बसायच्या. अंगाई म्हणून म्हणून घसे बसायचे, आणि इतक्यात कुणीतरी स्ट्रेचर भिंतीला आपटायचं की सगळं मुसळ केरात! मूल टक्क जागं. औषध पुन्हा देता येत नाही, दिवस वाया. म्हणून मामांनी एक पत्र्याची पाटी आणली आणि स्वतःच्या हातानं त्यावर लिहिलं: 'मूल झोपलं असल्यास उठवू नये.' ती पाटी सगळ्यांच्या अंगवळणी पडली. बाकावर झोपलेलं मूल दिसलं की वॉर्डबॉय स्ट्रेचर उचलून न्यायचे, सफाईवाल्या मावशी बादलीच्या कडीला फडकं गुंडाळायच्या. आमच्याकडं झोपलेलं मूल म्हणजे शहाणं मूल.

त्या दुपारी बाकावर दोन मुलं होती.

एक होता गुबगुबीत मुलगा. घसरगुंडीवरून तोंडावर आपटला होता. कपाळावर लिंबाएवढं टणक टेंगूळ आलेलं, आणि रडणं असं, की छत खाली येईल. त्याची आई त्याच्याहून जास्त घाबरलेली. औषध पाजून बराच वेळ झाला, तरी गडी भोकाड पसरून बसलेला.

दुसरी होती दोन वर्षांची मुलगी, आजोबांच्या खांद्यावर. तिला घरी खारू म्हणत. खारीसारखी सतत इकडून तिकडं पळायची म्हणून खारू. तिचे आजोबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. त्यांच्या नखांत अजून निळा रंग होता. त्यांनीच मामांना सगळं सांगितलं, माझं दार उघडं होतं, मला ऐकू आलं.

"वॉशिंग मशीनवर बसवून फ्रॉकची बटणं लावत होतो हो. मोजा खाली पडला म्हणून वाकलो, तेवढ्यात उडी मारली कार्टीनं. फरशीवर आडवी पडली. खूप रडली. मग गप्प झाली, बिस्किट खाल्लं, मांजरामागं पळाली. मला वाटलं, सुटलो. मग एकदम उलटी झाली, आणि कानाच्या वर हे असं आलं. आमच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, फोटो काढून घ्या."

मामांनी बोट लावून बघितलं. सूज मोठी नव्हती, टणक नव्हती. हाताला मऊ, पिचपिचीत लागत होती. मित्रांनो, लहान मुलाच्या कानावर, डोक्याच्या बाजूला अशी मऊ सूज असली, तर खालच्या हाडाला चीर गेलेली असू शकते. कपाळावरच्या लिंबापेक्षा ती जास्त वाईट. पण मऊ म्हटलं की माणसाच्या जिवाला बरं वाटतं. आणि शेजारी तो मुलगा केकाटत होता ना, सगळ्यांचं लक्ष तिकडं.

"झोपलीय वाटतं?" मामांनी विचारलं.

"आत्ता लागला डोळा. हीच वेळ तिची झोपायची," आजोबा कौतुकानं म्हणाले. "मी थोपटलं की झोपते. आईच्याच्यानं नाही झोपत."

"मग हिलाच आधी घेऊ. औषधाचीही गरज नाही."

आजोबांनी त्या मुलाच्या आईकडं बघितलं. ती मुलाला मांडीवर हलवून हलवून रडकुंडीला आली होती.

"नको, त्यांचं होऊ द्या आधी," ते म्हणाले. "कधीपासून बसल्यात बिचाऱ्या. आणि हिला आत्ता पलंगावर ठेवलं तर उठून बसेल आणि मग त्या पोराच्या सुरात सूर. तुमची पाटीच आहे की!" मग पाटीकडं बघून ते हसले. "अक्षर म्हणजे अगदी मुंग्या चालल्यात, पण मजकूर चोख आहे. मी रंगवून देईन एकदा."

"द्या की," मामा म्हणाले. "मुंग्या कंटाळल्यात."

सगळे हसले. तो मुलगा सोडून. त्याच्या आईनं आजोबांना हात जोडले.

पुढचा सगळा वेळ मला पाठ आहे. मुलाचं रडणं हळूहळू ओसरलं. त्याला माझ्यात ठेवलं, तो हलला, काप पुसट आले, पुन्हा थोपटणं, पुन्हा फोटो. दार उघडलं की बाहेरचा बाक दिसायचा. आजोबा थोपटत होते. एका लयीत, जराही न थांबता. सगळा कॉरिडॉर त्या मुलीसाठी दबक्या आवाजात बोलत होता. मावशींनी बादली उचलून नेली. वॉर्डबॉयनं मोबाइलचा आवाज बंद केला. बाई वरच्या मजल्यावरून आल्या, त्यांच्या चपला टकटक वाजायच्या, म्हणून त्यांनी त्या हातात घेतल्या आणि आजोबांकडं बघून हसत अनवाणी आत गेल्या. एवढी माया त्या कॉरिडॉरमधे मी आधी कधी बघितली नव्हती. आणि त्या मायेपायी तिला कुणी हात लावला नाही.

मुलाचा फोटो चांगला आला. रक्त कवटीच्या बाहेर, हाड शाबूत. "कपाळावर दिवा लागलाय फक्त," मामा त्याच्या आईला म्हणाले. ती ओक्साबोक्शी रडली, सुटल्याच्या आनंदानं.

त्याच वेळी खारूची आई कामावरून धावत आली. कॉरिडॉरच्या टोकापासूनच हाका मारत.

"अगं हळू," आजोबा म्हणाले. "झोपलीय. कधीची छान झोपलीय."

ती वाकली. मुलीच्या तोंडाजवळ कान नेला आणि तशीच थांबली.

"बाबा, ही घोरतेय."

"दमलीय गं."

"ही कधी घोरत नाही. सर्दीतसुद्धा नाही. खारू? ए खारू! ऊठ बाळा, आई आलीय. खारू!" तिनं गाल थोपटले, तळपाय चिमटले, मग खांदे धरून हलवलं. मान एका बाजूला पडली. "बाबा, ही उठत नाहीये! अहो, कुणी आहे का? ही उठत नाहीये!"

मग धावपळ, आरडाओरड. मामांनी तिला उचलून माझ्यावर ठेवलं. औषध द्यावं लागलं नाही. ती हलली नाही, पापणीही नाही. जिचं नाव खारू, ती माझ्यापुढं दगडासारखी पडून होती. माझ्यासमोर इतकं शांत मूल आलं की मामा नेहमी म्हणायचे, "शहाणी गं माझी बाय." त्या दिवशी त्यांनी धावत जाऊन नुसतं बटण दाबलं.

मी काप काढले. कानाच्या वर हाडाला बारीक चीर. तिच्या आत, हाडाला चिकटून, भिंगासारखं फुगलेलं पांढरं रक्त. त्या पांढऱ्याच्या मधे काळपट भोवरा. सगळा मेंदू दुसऱ्या बाजूला ढकललेला. मला ओरडायचं होतं, पण मला आवाज नाही, नुसती घरघर आहे. बाईंनी चष्मा खाली ओढला नाही, तो त्यांच्या हातातून खालीच पडला. "मेंदूच्या सर्जनना फोन लावा. थिएटर उघडायला सांगा. धावा!" त्या ओरडल्या. तिला घेऊन गेले. बाकावर आजोबा एकटे उरले. त्यांचा हात अजून हवेत थोपटत होता.

दुसऱ्या दिवशी मामा आले ते माझ्या पाठीवर थाप न मारताच खुर्चीत बसले. खारू गेली होती. सर्जननी डोकं उघडलं, रक्त काढलं, जे जे करायचं ते सगळं केलं, पण फार उशीर झाला होता. मामा उठले, त्यांनी दारावरची पाटी उलटी केली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. काढून टाकायचा त्यांना धीर झाला नसावा.

बऱ्याच दिवसांनी आजोबा परत आले. त्याच बाकावर बसले. बाई बाहेर गेल्या, तेव्हा ते म्हणाले, "मला तो फोटो बघायचाय."

बाईंनी त्यांना आत आणलं, खुर्ची दिली, पडद्यावर फोटो लावला.

"हे पांढरं काय?"

"रक्त. हाडाला चीर गेली, तिथली रक्तवाहिनी फुटली. हाड आणि आवरण यांच्या मधे ते साठत गेलं. असं रक्त कधी कधी मुलाला आधी थोडा वेळ बरं वाटू देतं. म्हणूनच ती मांजरामागं पळाली."

"आणि मधला हा काळा भोवरा?"

"फोटो काढला, तेव्हाही रक्त वाहत होतं," बाई म्हणाल्या.

आजोबांनी त्या भोवऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाई, खरं सांगा. माझ्या खांद्यावर ती झोपली होती, की...?"

"सुरुवातीला खरंच झोपली असेल. झोप कुठं संपली आणि बेशुद्धी कुठं सुरू झाली, ते फोटोत दिसत नाही आजोबा."

"मी थोपटत होतो."

"थोपटण्यानं काही वाईट झालं नाही."

"पण उठवून बघितलं असतं, तर कळलं असतं."

बाई 'नाही' असं म्हणू शकल्या असत्या. मला वाटलं, म्हणतील. पण त्या आजोबांच्या शेजारी खाली स्टुलावर बसल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "कळलं असतं. आणि मलाही कळलं असतं. मी तुमच्या समोरून गेले होते आजोबा. तिला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन."

काचेपलीकडं मामा तोंड फिरवून उभे होते. मग आजोबा म्हणाले, "लेक मला एका शब्दानं बोलत नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं." मग त्यांनी विचारलं, "ती पाटी कुठंय? जन्मभर मी पाट्या लिहिल्या. लिहिलेलं लोकांनी मुकाट्यानं ऐकावं म्हणूनच लिहिल्या. मीही ऐकलं."

मामांनी पाटी आणून दिली. आजोबांनी पिशवीतून रंगाचा डबा आणि ब्रश काढला. म्हणजे ते ठरवूनच आले होते. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून त्यांनी पाटीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. अक्षर मात्र कसं टपोरं, गोल, एका ओळीत! 'मूल झोपलं असल्यास उठवून बघा. नीट उठत नसेल, तर सगळ्यांच्या आधी आत या.' रंग वाळेपर्यंत ते पाटीवर वारा घालत बसले. नंतर ते पुन्हा कधी आले नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या कॉरिडॉरमधली शांतता गेली. मामा बाकावरच्या प्रत्येक मुलाला हाक मारायचे, तळव्याला गुदगुल्या करायचे. मुलं दचकून उठायची, चिडायची, तारस्वरात रडायची. "अहो, आत्ताच झोपलं होतं!" आया वैतागायच्या. मामा नुसते पाटीकडं बोट दाखवायचे. माझे कित्येक फोटो पुसट आले, पुन्हा काढावे लागले, आणि माझ्या नावानं खडे फोडले गेले. म्हातारं झालंय, बदला आता, असं लोक म्हणू लागले. म्हणू देत. मग मी खरंच म्हातारा झालो, तापू लागलो, मधेच बंद पडू लागलो, आणि एक दिवस माझी वायर काढली. पाटी तेवढी नव्या खोलीच्या दारावर नेली.

मित्रांनो, तुमच्या घरात लहान भावंड असेल, आणि ते कधी डोक्यावर पडलं, तर माझं एवढं ऐका. मोठ्या माणसांना लगेच सांगा, मार बसेल म्हणून लपवू नका. किती उंचावरून पडलं ते खरं खरं सांगा. त्याला उलटी झाली, ते ओळख देईना, कानाच्या वर मऊ सूज आली, तर डॉक्टरांकडं न्यायला लावा. आणि ते झोपलं, तर त्याला प्रेमानं, पण नक्की उठवून बघा. उठलं, चिडलं, तुमचे केस ओढले, तर खुशाल पुन्हा झोपू द्या. नाहीच उठलं, तर कुणाचीही झोपमोड झाली तरी चालेल, सगळं घर डोक्यावर घ्या.

बाहेर माणसांचे आवाज येतायत. हातोड्या, पाने वाजतायत. माझीच माणसं आली असावीत. पण थांबा, भिंतीपलीकडं नव्या खोलीत कुणीतरी भोकाड पसरलंय. मामांचा आवाजही येतोय, "उठवलं मी तुला, हो, मीच उठवलं, मार मला!" केवढं मोठ्यानं रडतंय ते पोर! रड बाळा. मोठ्यानं रड. अजिबात गप्प बसू नकोस.